चारही चाकांना समान न्याय

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकाने वेगवान गाडी घेऊ नये, असा कुठे नियम नाही. नियम असता तर काटेकोरांनी तो नक्की पाळला असता.

काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना ते बहाल केलं होतं, आणि त्यात प्रेमाचा भाग फारसा नव्हता. दुकानात शिरायचं, नमस्कार करायचा, पिशवीतून आपली वजनं काढायची, आणि दुकानदाराचा तराजू चिमूटभर जरी खोटा बोलत असला तरी त्याला सील ठोकून, पुन्हा नमस्कार करून बाहेर पडायचं, ही त्यांची पद्धत. दुकानात चहा घेत नसत. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. अशा माणसाने निवृत्ती जवळ आलेली असताना दोन दारांची, बुटकी, निळी स्पोर्ट्स कूपे दारात आणून उभी करावी, याचा अर्थ बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने आपापल्या परीने लावला. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "असतं एकेक वय." तळमजल्यावरचा दाताचा डॉक्टर गाडीभोवती सावकाश फेऱ्या मारत राहिला, आणि त्याचा चेहरा पाहून काटेकोरांना पहिल्याच दिवशी कळलं की या माणसापासून गाडीला जपलं पाहिजे.

शहराबाहेर शर्यतींचा एक ट्रॅक होता. मोठ्या शर्यती नसतील त्या रविवारी तो तुमच्या-आमच्यासारख्यांना खुला असे. हेल्मेट न्यायचं, गाडी तपासून घ्यायची आणि मनसोक्त फिरवायची. नंबर नाही, बक्षीस नाही, घड्याळ नाही. याला ट्रॅक डे म्हणतात. काटेकोर पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत डॉक्टरही गेला होता, 'नुसतं बघायला'. आणि त्याने बघितलं ते असं, की काटेकोरांची गाडी सरळ रस्त्यावर सुसाट जाते, पण वळण आलं की स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच नेऊ पाहते. सांगितलेलं ऐकल्यासारखं करायचं आणि शेवटी आपलंच खरं करायचं, असा तिचा स्वभाव. मग प्रत्येक वळणाआधी काटेकोर वेग इतका कमी करत, की मागच्यांना वाटे हे गृहस्थ रस्ता विचारायला थांबतायत. पुष्कळांनी त्यांना मागे टाकलं. शेवटी एका मालवाहू व्हॅननेही टाकलं. व्हॅनवर गाद्या-उशांच्या दुकानाची जाहिरात होती. ही गोष्ट काटेकोरांनी घरी सांगितली नव्हती. ती डॉक्टरने जिन्यात सगळ्यांना सांगितली, आणि मागच्या काचेतून उशा दिसत होत्या हेही सांगितलं.

पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती डॉक्टरला दिसली नव्हती. एका लांबलचक डाव्या वळणावर गाडी एकदाच, बहुधा चुकून, नीट वळली. काटेकोर हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले. तो आवाज कुणाचा हे त्यांना क्षणभर कळलं नाही. सगळी नोकरी त्यांनी स्थिर वस्तूंबरोबर काढली होती. काटा थरथरत असेल तर आकडा लिहायचा नसतो. थांबायचं, सगळं शांत होऊ द्यायचं, मग लिहायचं. हलणाऱ्या गोष्टीतही सुख असतं हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि उशिरा कळलेलं सुख माणूस सहजासहजी हातचं जाऊ देत नाही.

घरी मात्र गाडीबद्दल वेगळं मत होतं. काटेकोरांची पत्नी शाळेत गणित शिकवायची. सगळी बिल्डिंग तिला बाई म्हणायची आणि जरा टरकून असायची.

"विका ती गाडी," बाई म्हणाल्या. "गाडी आहे का चपलांचं खोकं? माझ्या बहिणीला मागच्या सीटवरून बाहेर काढायला दोघं लागले."

"ती मागे बसलीच कशाला?"

"कारण पुढे मी बसले होते."

दारांची संख्या हे खरं कारण नव्हतंच. खरं कारण असं, की काटेकोर ट्रॅकवर गेले त्या दिवशी बाईंनी फोन हातातून खाली ठेवला नव्हता, आणि स्वयंपाकघरात एकच कप तीनदा विसळला होता. पण भीती वाटते असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. नवऱ्याचा जीव महत्त्वाचा वाटतो हे सांगण्यापेक्षा मागच्या सीटवर गुडघे मावत नाहीत हे सांगणं सोपं असतं. पुष्कळ संसार अशाच वाक्यांवर चालतात.

शेवटी बाईंनी एक करार मांडला. "पुढच्या वेळी मी येते आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघते. ट्रॅकवाल्यांनी तुम्हाला एकदा जरी झेंडा दाखवून बाहेर काढलं, तर त्याचा अर्थ तुम्ही गाडी धोक्याची चालवता. मग गाडी डॉक्टरांना विकायची. नाही काढलं, तर मी पुन्हा दारांचं नाव घेणार नाही."

"मंजूर," काटेकोर म्हणाले.

काटेकोर मंजूर म्हणाले की ते दगडावर कोरल्यासारखं असतं हे सर्वांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरने गाडी चालवायचे चामडी हातमोजे विकत आणले.

तेव्हा प्रश्न साधा होता. गाडीला वळायला शिकवायचं, नाहीतर गाडी डॉक्टरच्या घशात घालायची.

सुरुवात टायरांपासून झाली. टायरवाल्याने मऊ रबराचे रुंद टायर सुचवले आणि बसवूनही दिले. हे टायर ट्रॅकवर गरम झाले की रस्त्याला धरून ठेवतात, असं तो म्हणाला. फक्त हवा कमी ठेवा. वरचे काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, हवा जास्त ठेवा, कमी हवेने टायर रिममधून निसटतो, माझ्या साडूचा निसटला होता. ऑफिसातला कारकून म्हणाला, हवाच भरू नका, नायट्रोजन भरा. डॉक्टर म्हणाला, "माझ्याकडे आल्यावर मी बघीन काय भरायचं ते," आणि हसला.

काटेकोरांनी विचार केला, की कमी आणि जास्त हे शब्द अडाण्यांचे आहेत. आधी आत्ता किती आहे ते नेमकं कळलं पाहिजे. म्हणून ते कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर गेले, हवा तपासली, मग खिशातून स्वतःचा प्रमाणित मापक काढून पुन्हा तपासली. दोन्हींत फरक निघाला. त्यांनी चारही टायरांवर खात्री केली. मग शेजारच्या स्कूटरवर केली. मग उगाच उभ्या असलेल्या एका टेम्पोवर केली. पंपाचा काटा खोटा होता, यात शंका उरली नाही.

दुसरा एखादा माणूस मनात तेवढा फरक धरून पुढे गेला असता. काटेकोर रीतसर ड्युटीवर असताना परत आले आणि हवेच्या यंत्राला सील ठोकून गेले. दुरुस्ती करणारा परगावाहून यायचा होता. तो येईपर्यंत सगळ्या वस्तीत हवा मिळेना. सकाळी शाळेच्या रिक्षा, दूधवाल्याची गाडी, काकांची सायकल, सगळे बसक्या टायरांनी फतक-फतक करत जाऊ लागले आणि काटेकोरांच्या खिडकीखालून जाताना मुद्दाम हळू होऊ लागले. स्वतः काटेकोर हातपंप घेऊन अंगणात उकिडवे बसत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रुंद टायरमध्ये हातपंपाने हवा भरणं हा काय प्रकार असतो, हे ज्याने केलं असेल त्यालाच कळेल, आणि ज्याने केलं असेल तो त्याबद्दल बोलणार नाही.

त्यानंतर चाकांची पाळी आली. व्हील अलाइनमेंटवाल्या मेकॅनिकने सांगितलं, की वळणावर गाडी एका बाजूला कलते, तेव्हा चाकं आधीपासूनच वरून थोडी आत झुकवलेली असली तर टायर रस्त्यावर पूर्ण टेकतो. हे काटेकोरांना पटलं. पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकवून घेतली. काम चोख झालं. पण उभी गाडी समोरून पाहिली की गुडघ्यात अधू झाल्यासारखी दिसू लागली, आणि इथून काटेकोरांच्या मनस्तापाचं नवं प्रकरण उघडलं.

रस्त्यावर परकी माणसं त्यांना थांबवू लागली. सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला काचेवर टकटक करून म्हणे, "काका, चाक वाकलंय." एका बाईंनी तर चालत्या बसच्या खिडकीतून ओरडून सांगितलं. सुरुवातीला काटेकोर गाडी बाजूला घेऊन त्यामागचं शास्त्र समजावत. नंतर नुसते "माहीत आहे" म्हणत. शेवटी एका वाहतूक पोलिसाने गाडी अडवली, वाकून चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे आपटलीत?"

"आपटली नाही. मुद्दाम केलंय."

पोलिसाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संताप नव्हता, काळजी होती. "घरी कुणी आहे का?" त्याने विचारलं. आयुष्यभर दुसऱ्यांची तपासणी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न किती लागला असेल, याचा अंदाज करावा.

इतकं होऊनही काटेकोरांचं समाधान नव्हतं. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की खऱ्या शर्यतीच्या गाड्यांचं प्रत्येक चाकावरचं वजन वेगवेगळं मोजतात. वजन! इथे ते त्यांच्या घरच्या मैदानावर आले. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही म्हणून त्यांनी स्वतःला दोन शब्द सुनावलेसुद्धा.

मोजायला चार दणकट काटे हवेत. असे काटे खात्यात होते. पण ते खाजगी कामाला वापरायचे तर परवानगी लागते, आणि परवानगी देणारे अधिकारी स्वतः काटेकोरच होते. त्यांनी अर्ज केला, विचार केला, आणि 'सरकारी साधन, खाजगी हेतू' असा शेरा मारून तो फेटाळला. कारकून म्हणाला, "साहेब, अपील करा." अपील वरच्या साहेबांकडे जायचं, आणि मग त्यांना गाडीचं सगळं सांगावं लागायचं. काटेकोरांनी प्रकरण तिथेच मिटवलं. बाजारातला एक भंगारवाला आपला मोठा काटा हसतहसत द्यायला तयार होता, पण ज्याला आपण दंड केला त्याचं उपकाराचं ओझं घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना.

तेव्हा त्यांनी बिल्डिंगकडे मोर्चा वळवला. प्रत्येक घरात माणसं वजन करायला ज्यावर उभी राहतात तो छोटा काटा असतोच. एका चाकाखाली जाड फळी, आणि फळीखाली असे दोन-तीन काटे ठेवले की बेरीज करून भागतं. काटेकोर दारोदार गेले आणि काटे मागून आणले. लोकांनी दिले. हवेच्या यंत्राचा राग होता, पण कुतूहल त्याहून मोठं होतं.

आता, दुसऱ्याच्या काट्यावर काटेकोर आंधळा विश्वास ठेवतील का? त्यांच्या गॅलरीत खात्याने बाद केलेली लोखंडी वजनं होती. कड्या तुटल्या म्हणून बाद झालेली, वजनाला अस्सल. लिलावात घेतलेली ती वजनं एवढी वर्षं कुंड्यांना आधार देत होती. त्यांनी प्रत्येक काटा त्या वजनांवर पारखला, आणि सगळेच्या सगळे काटे वजन कमी दाखवतात असं निघालं. कुणाचा थोडा, कुणाचा भरपूर. त्यांनी एकेका काट्याचा स्क्रू फिरवून तो बिनचूक केला. यात त्यांना इतका आनंद झाला की क्षणभर ते गाडीही विसरले.

गाडी काट्यांवर चढवली. चालकाचं वजन धरायला काटेकोर आत बसले आणि आकडे वाचायला बाईंना बोलावलं.

"वाचते," बाई म्हणाल्या. "पण माझा विरोध कायम आहे."

त्यांनी शाळेतल्या आवाजात आकडे वाचले. पुढची चाकं जड निघाली, मागची हलकी. काटेकोर स्टिअरिंग धरून बसून राहिले. एवढ्या मोठ्या कंपनीने बनवलेली गाडी, आणि तिच्यात असला उघडाउघड पक्षपात! चार काट्यांवर चार आकडे आले की ते सारखे असायला हवेत, ही त्यांच्या हाडीमांसी खिळलेली गोष्ट होती. गाडी वळत नाही याचं कारण त्यांच्या डोळ्यांपुढे होतं: मागच्या चाकांवर अन्याय झाला होता.

मग ते काटे त्यांनी पुसून, आभार मानून घरोघरी परत केले.

एका आठवड्यात सगळी बिल्डिंग जाड झाली. डॉक्टरची बायको कित्येक महिने उकडलेल्या भाज्यांवर होती, ती काट्यावर उभी राहिली आणि तिथेच बसली. काकांनी एवढ्यात एवढं वजन कसं वाढलं म्हणून रक्त तपासून घेतलं, अंगात पाणी साठतंय का म्हणून आणखी काय काय तपासून घेतलं आणि घरच्यांना कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते सांगून ठेवलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की हे सगळे काटे मधल्या मजल्यावर काटेकोरांकडे जाऊन आले आहेत.

डॉक्टरच्या बायकोने बाईंना जिन्यात गाठलं. "तुमच्या मिस्टरांना आमच्या काट्याला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

"काटा आता बरोबर दाखवतोय," बाई म्हणाल्या.

"असेल! आधी खोटा होता, पण आमचं त्याच्यावर बरं चाललं होतं ना!"

त्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या बायका बाईंशी बोलेनाशा झाल्या. बाईंनी बाहेर नवऱ्याची बाजू शेवटपर्यंत सोडली नाही. घरात येऊन दार लावलं आणि मग जे बोलायचं ते बोलल्या. "करार आहे म्हणून गप्प बसते," असा त्याचा शेवट होता. काटेकोरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, बाईंसाठी वाटलं. पण काटे पुन्हा बिघडवून द्यावेत, हे काही त्यांच्या मनाला शिवलं नाही.

ट्रॅक डेच्या आदल्या दिवशी कुंड्या जमिनीवर आल्या आणि लोखंडी वजनं गाडीच्या डिकीत, पार मागच्या टोकाला गेली. काटेकोरांनी ती पत्र्याच्या पट्टीने आणि बोल्टने पक्की आवळली. चारही चाकांना आता जवळजवळ सारखा भार होता. काकांनी वरून पाहिलं. "नाकापेक्षा मोती जड होतोय बरं का," ते म्हणाले. ते मुळात कुंड्यांबद्दल हळहळत होते, पण एवढ्या सगळ्या सल्ल्यांत कामाचा म्हणावा असा हा एकच निघाला.

रविवारी ट्रॅकवर प्रत्येक गाडीची तपासणी होते. एक गृहस्थ ट्रॅकचं नाव छापलेला कोट घालून आले, त्यांनी चाकं हलवून पाहिली, डिकी उघडली आणि आत बोट दाखवलं.

"हे काय?"

"वजन."

"कशाला?"

"समतोलासाठी."

गृहस्थांनी लोखंड ओढून पाहिलं. हललं नाही. सुट्या वस्तूंना मनाई होती. ही सुटी नव्हती. त्यांनी खांदे उडवून पास चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वजनांची दुसऱ्याने तपासणी केली आणि आपण पास झालो, या समाधानात काटेकोरांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. वर प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बाई थर्मास घेऊन बसल्या होत्या, आणि दोन पायऱ्या खाली डॉक्टर, हातमोजे घालून.

पहिली फेरी सावकाश होती. दुसरीत त्यांनी वेग वाढवला. वळण आलं, स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळली! नाक आत गेलं, आणि काटेकोर हसणार एवढ्यात गाडीचा मागचा भागही वळला. मग तो वळतच राहिला. डिकीतलं सगळं लोखंड बाहेरच्या अंगाला निघालं होतं आणि गाडीला सोबत घेऊन चाललं होतं. ट्रॅक, पायऱ्या, आभाळ, पुन्हा ट्रॅक असं सगळं समोरून गेलं, आणि गाडी उलट तोंड करून उभी राहिली. समोरून गाद्या-उशांची व्हॅन येत होती. ती त्यांना सांभाळून बाजूने गेली, आणि व्हॅनवाल्याने हात वर करून विचारपूसही केली.

काटेकोरांनी गाडी सरळ केली. आपलंच काही चुकलं असेल असं समजून ते पुढे निघाले. लांबलचक डाव्या वळणावर त्यांनी जपून स्टिअरिंग फिरवलं, मागचा भाग सरकतोय असं वाटलं म्हणून घाबरून ब्रेक दाबला, आणि तीच चूक झाली. या वेळी गाडी गोल फिरत ट्रॅक सोडून गवतात गेली आणि दिव्याच्या खांबाच्या अलीकडे, धूळ उडवत थांबली. लागलं कुणालाच नाही, गाडीलाही नाही. गवतातून पुन्हा ट्रॅकवर आल्यावर त्यांना 'बाहेर निघा' सांगणारा काळा झेंडा दिसला. झेंड्यासोबत त्यांच्या गाडीचा नंबर लिहिलेला फलक होता, म्हणजे तो दुसऱ्या कुणासाठी असण्याची सोय नव्हती.

गाड्या थांबवायच्या जागी आल्यावर ट्रॅकच्या प्रशिक्षकाने डिकी उघडली आणि मोठा श्वास सोडला. दिवसभर असलंच काहीबाही बघायचं, असा त्याचा चेहरा होता.

"साहेब, इंजिन पुढे आहे म्हणून पुढे वजन जास्त. गाडी तशीच बनवलीय. चारही सारखे कशाला पाहिजेत? गाडी म्हणजे काय तराजू आहे?" तो म्हणाला. "टायर झकास आहेत, चाकांचं कामही चांगलं केलंय. एवढं लोखंड काढा आणि दुपारच्या सत्राला या. या सत्रातून मात्र तुम्ही बाहेर."

काटेकोरांना यातला फक्त शेवटचा शब्द लागला.

त्यांनी हेल्मेट काढलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि सीटवर थोडा वेळ बसले. वाईट वाटत होतं, फार वाटत होतं. गाडीसाठी रडू येण्याइतपत आपण गुंतलो आहोत हे त्यांना तिथे समजलं, आणि या वयात असं काही समजल्याची लाजही वाटली. मग ते उतरले आणि पायऱ्यांच्या दिशेने चालू लागले. डॉक्टर हातमोज्यांची बटणं लावत अर्ध्या वाटेवर आला होता. काटेकोर त्याच्या बाजूने वर गेले आणि बाईंसमोर उभे राहिले.

"दोनदा फिरली," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा बाहेर काढलं. काळा झेंडा दाखवला." आणि त्यांनी किल्ली पुढे केली.

बाईंनी किल्लीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाईंचा स्वतःचा रंग पार उडाला होता. थर्मास पायरीवर आडवा पडलेला होता आणि मांडीवर सगळा चहा सांडलेला होता.

"कधी?" बाईंनी विचारलं.

"कधी म्हणजे? आत्ता."

"मी नाही पाहिलं."

"अगं, तू इथेच तर बसली होतीस."

"बसले होते. चहा ओतत होते. चहा ओतताना माणूस खाली बघतो."

"मी पाहिलं ना!" डॉक्टर खालून ओरडला. "दोन्ही वेळा पाहिलं! सगळ्यांनी पाहिलं!"

"डॉक्टर, मी पाहायचं असं ठरलं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही पाहायचं ठरलं नव्हतं. आणि मी पाहिलेलं नाही."

"पण मी स्वतः सांगतोय तुला—"

"तुम्ही काय, काहीही सांगाल! मेलं एवढं कुठे काही झालं असेल? आणि तो खांब इतका जवळ असताना ब्रेक कशाला दाबायचा म्हणते मी, जरा पुढे गेली असती म्हणजे—"

बाई थांबल्या. त्यांचा आवाज फाटला होता. त्यांनी मान वळवून थर्मास उचलला आणि त्याचं झाकण लावायला घेतलं. झाकण आट्यांवर बसेना.

काटेकोर किल्ली धरून उभे होते. खोटं माप त्यांना काही नवीन नव्हतं. दुकानाच्या दारात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांना ते कळत असे, आणि त्यानंतर काय करायचं यात आजवर कधी दुमत झालं नव्हतं. पण ही बाई इथे बसलेल्या सगळ्या माणसांत जास्त घाबरली होती. गाडी घालवायची सोन्यासारखी संधी आपण होऊन हातावर आणून ठेवलेली, आणि ती घ्यायला ती तयार नव्हती. अर्ध्या मार्कासाठी मुलांना रडवणारी बाई, धडधडीत खोटं बोलत होती आणि तेही इतकं वाईट. एवढं प्रेम आपल्या वाट्याला किती वर्षं येत होतं आणि आपण ते कशाने मोजत होतो, असं त्यांच्या मनात आलं.

"बरं," ते म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

डॉक्टरने आधी त्यांच्याकडे, मग बाईंकडे पाहिलं. काटेकोरांनी एखादी गोष्ट चालवून घेतली, हे पाहणारा त्या बिल्डिंगमधला तो पहिलाच माणूस होता, आणि त्याची खात्री पटायला त्याला वेळ लागला.

"ते लोखंड काढायला हवं," काटेकोर म्हणाले. "दुपारी अजून एक सत्र आहे. तू नको म्हणत असशील तर—"

"मी कुठे काय म्हणाले? चला, मी येते. एवढं जड एकट्याने उचलू नका, कंबर धरेल."

दोघांनी मिळून वजनं बाहेर काढली. एक डॉक्टरनेही उचललं. आता आलोच आहोत तर, असं म्हणून. दुपारी निळी गाडी पुन्हा ट्रॅकवर गेली तेव्हा बाई कठड्याला धरून त्या लोखंडाच्या ढिगावर बसल्या होत्या, आणि या वेळी त्यांनी खरोखरच डोळे गच्च मिटून घेतले होते. गाडीचा आवाज जवळ आला की त्या शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टरची बाही धरत.

"डॉक्टर, गेली का?"

"गेली."

"नीट?"

डॉक्टर लांबच्या डाव्या वळणाकडे पाहत होता. हातमोजे त्याने काढून खिशात ठेवले होते.

"वळली, बाई," तो म्हणाला. "अगदी छान वळली."

"सांगत राहा," बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत.